वर्गातली प्रार्थना, विसरलेलं वचन आणि सगळ्यांनाच व्हायचंय देवदूत

ख्रिस्ती प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्या वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे, 30 मुलं. सकाळी ‘कुणाला प्रार्थना विषय सांगायचाय?’ असं विचारलं की झाडून सगळे हात वर. कुणाचा दात हलतोय, कुणाच्या मांजरीला पिल्लं व्हायचीत, कुणाच्या मामाला नोकरी हवीय. यात 25 मिनिटं जातात आणि गणिताचा तास कापला जातो. थांबवायला मन धजत नाही.

उत्तर : दाताला आणि नोकरीला सारखाच मान द्या, फक्त एकाच सकाळी नको. 30 मुलं पाच वारांत वाटली की रोजची सहा येतात. भिंतीवर वारांचा तक्ता लावा आणि प्रत्येक वाराखाली सहा नावं लिहा. ज्याचा वार, त्याने एका वाक्यात विषय सांगायचा. हे एक वाक्य आधी शिकवावं लागतं. त्यात दोनच गोष्टी हव्यात : कुणासाठी आणि काय. ‘आजीसाठी, तिचा गुडघा बरा व्हावा म्हणून.’ एवढं झालं की पुढचा. विषयांना तीन मिनिटं, तुमच्या प्रार्थनेला दोन, प्रभूच्या प्रार्थनेला एक आणि गीताच्या एका कडव्याला दोन, अशी आठ मिनिटं होतात. कमी वाटत असतील तर बायबलमधलं मत्तय 6:7 (सहावा अध्याय, सातवी ओवी) पाहा. प्रभूची प्रार्थना शिकवण्याच्या जरा आधीच येशू लांबलचक बडबडीबद्दल बजावतो.

ज्याला स्वतःच्या वारापर्यंत दम निघत नाही त्याच्यासाठी चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावं. पेटी रोज शाळा सुटल्यावर उघडायचीच. आठवडाभर तशीच राहिली तर मुलं तिच्यात चिठ्ठी टाकणं बंद करतात.

ही घडी मोडते ती बहुधा दोन कारणांनी. पहिलं कारण आपणच : ‘बरं, आज फक्त तू सांग’ असं एकदा म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस हात वर. दुसरं, मोठ्या संकटाला आपण मोठा सुस्कारा टाकतो. मुलांच्या ते लगेच ध्यानात येतं आणि मग रोज कुणाचा ना कुणाचा अपघात होऊ लागतो. सगळ्या विषयांना सारखीच मान डोलवा.

कधी एखादं मूल वर्गादेखत म्हणतं, ‘बाबा आईला मारतात, ते थांबावं.’ तिथे खोदून विचारू नका आणि विषय झटकूही नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, मधल्या सुट्टीत आपण दोघं बोलू,’ असं म्हणून पुढे जा. सुट्टीत ऐकून घ्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहा आणि मुख्याध्यापकांकडे किंवा शाळेत बालसंरक्षणाचं काम ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे द्या. प्रार्थना जरूर करा, पण तेवढ्याने कळवण्याची जबाबदारी संपत नाही.

आणि एक, न विचारता. गलका वाढला की ‘डोळे मिटा, प्रार्थना करू’ म्हणून वर्ग गप्प करण्याची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा. शांततेसाठी टाळी, घंटा, वर केलेला हात, काहीही चालेल. प्रार्थनेला छडीचं काम दिलं की मुलं तिच्याकडे छडी म्हणूनच बघतात.

प्रश्न : मुलं शुक्रवारी बायबलमधलं मुखपाठ वचन घडाघडा म्हणतात आणि सोमवारी पाटी कोरी. एक मुलगा तर तीन शब्दांपुढे जातच नाही, रडायला लागतो.

उत्तर : शुक्रवारी जे ऐकू येतं ते पाच-सहा खणखणीत आवाजांचं असतं, बाकीचे त्यांच्या मागून ओठ हलवतात. एका सुरात म्हणणं सरावासाठी ठीक, पण येतं की नाही ते त्यातून कळत नाही.

पहिली-दुसरीला आठ ते बारा शब्दांचं वचन पुरे. सोमवारी अर्थ आधी सांगा. 23 व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओवीत ‘उणे’ येतं आणि मुलांना त्यातून वजाबाकीचं चिन्ह दिसतं. ते तिथेच सोडवून टाका. मग वचन फळ्यावर श्वासाच्या तुकड्यांनी लिहा, एका ओळीत एक तुकडा. मंगळवारी प्रत्येक तुकड्यातला एक शब्द पुसा आणि त्याच लांबीची रेघ ओढा. बुधवारी आणखी एक-एक. गुरुवारी फळ्यावर फक्त रेघा उरतात. जोड्या करा, एकाने एक तुकडा म्हणायचा, दुसऱ्याने पुढचा. शुक्रवारी एकेकट्याने. अध्याय-ओवी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे म्हणवून घ्या, नाहीतर वचन आठवतं पण कुठलं ते आठवत नाही.

सोमवारी विसरतात कारण पुन्हा कुणी विचारतच नाही. नवं वचन सुरू करण्याआधी गेल्या आठवड्याचं एकदा घ्या, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. दर वेळी मिनिटभर लागतं.

रडणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका. वचनाच्या पाच पट्ट्या कापून द्या, त्याने क्रम लावावा. मग एक पट्टी पालथी घालून वाचावं, मग दोन. तुमच्या कानात म्हटलं तरी म्हटलं असंच धरा. बोलताना अडखळत असेल तर एका मित्राबरोबर एकत्र म्हणू द्या. दुसऱ्याच्या आवाजाबरोबर बोलताना अडखळणं बरंच कमी होतं. चांदण्यांचा तक्ता भिंतीवरून काढा, कारण त्यात कुणाच्या नावापुढे चांदणी नाही तेवढंच वर्गाच्या लक्षात राहतं. आणि गृहपाठ केला नाही म्हणून वचन वीस वेळा लिहायला लावणं तर कधीच नको. पुढे ते वचन कानावर पडलं की आधी ती शिक्षा आठवते.

प्रश्न : भांडण झालं की ‘सॉरी म्हण’ सांगतो. मुलगा भिंतीकडे बघून ‘सॉरी’ म्हणतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ख्रिस्ती शाळेत क्षमा शिकवायची ती अशी?

उत्तर : अशी नव्हे. ‘सॉरी’ शेवटी ठेवा. आधी दोघांना वेगळं बसवा, पाणी द्या, दोन मिनिटं जाऊ द्या. तापलेल्या डोक्यात काही शिरत नाही. बघे पांगवा, प्रेक्षक असले की कुणीच माघार घेत नाही. मग एकाने सांगायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. ‘का केलंस?’ विचारू नका, सात वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर माहीत नसतं. ‘काय झालं?’ आणि ‘त्यामुळे त्याचं काय झालं?’ एवढंच विचारा. पुढचा टप्पा भरपाईचा. पेन्सिल मोडली तर स्वतःची द्यायची, ठोकळ्यांचा मनोरा पाडला तर दोघांनी मिळून पुन्हा रचायचा. जकातदार जक्कयाची गोष्ट इथे कामाला येते : लूक 19:8 मध्ये तो लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघतो, ‘सॉरी म्हण’ असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ज्याला लागलंय त्याच्याकडून ‘माफ केलं’ लगेच वदवून घेऊ नका, त्याला वेळ हवा असतो. आणि एकच मूल एकाच मुलाला रोज छळत असेल तर त्याला भांडण म्हणू नका. तिथे दोघांना समोरासमोर बसवलं तर छळ झालेलं मूल आणखी दबतं. दोघांशी वेगवेगळं बोला आणि पालक-मुख्याध्यापकांपर्यंत न्या.

प्रश्न : नाताळची नाटिका माझ्या गळ्यात पडली आहे. 28 मुलं. मरीया व्हायला नऊ मुली तयार, उरलेल्या सगळ्यांना देवदूत व्हायचंय. मेंढरू व्हायला कुणीच तयार नाही.

उत्तर : शास्त्रच तुमच्या बाजूने आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात स्वर्गातल्या सैन्याचा समुदाय येतो, म्हणजे देवदूत हवे तितके. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले ज्ञानी, तीनच होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही. पाच करा, सहा करा. शिवाय ते घरात आले असं मत्तय 2:11 मध्ये आहे, त्यामुळे त्यांचा प्रवेश गव्हाणीपासून वेगळा ठेवला की रंगमंचावरची चेंगराचेंगरी टळते. मरीया दोन घ्या : गब्रीएल देवदूत निरोप घेऊन येतो तेव्हा एक, गव्हाणीपाशी दुसरी. निळी ओढणी तीच ठेवा, म्हणजे प्रेक्षकांचा गोंधळ होत नाही. नावं सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून काढा. शिक्षकांनी निवड केली की पालक कारणं शोधतात. मेंढरांना संवाद नसला तरी दोनदा ‘बें’ करून हशा पिकवण्याची संधी द्या. दुसऱ्या तालमीपर्यंत तिथे रांग लागेल.

एकूण वेळ 12 मिनिटं, फार तर 15. कथा सांगायला वाचन पक्कं असलेली तीन मुलं, बाकी बोलणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य. नाताळाआधीच्या आगमनकालाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्याआधीच्या आठवड्यात भूमिका वाटल्या की पाठांतराला साधारण तीन आठवडे मिळतात.

पंख तारेचे नकोत, दारात अडकतात आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात जातात. पुठ्ठ्याचे करा, खांद्यांपेक्षा दोन्हीकडे वीतभरच बाहेर, आणि मागे इलॅस्टिकचे दोन पट्टे लावून दप्तरासारखे अडकवा. मेंढपाळाच्या डोक्यावरचं फडकं हमखास डोळ्यांवर येतं. त्यावरून कपाळाभोवती दोन-तीन सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक बसवा. मेणबत्त्या बॅटरीच्याच. कोण कुठे उभं राहणार तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या फुल्या करा, नाहीतर सगळे बाळाकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करतात. शेवटच्या दोन तालमी पूर्ण पोशाखात घ्याच.

प्रश्न : प्रार्थनेत मुलं असं काही बोलतात की हसू आवरत नाही. परवा एक जण म्हणाला, ‘देवा, लहान भाऊ परत घे आणि त्याऐवजी कुत्रा दे.’ हसलं तर चालतं का?

उत्तर : मुलासमोर नाही, कारण तो मनापासून बोलतोय. जमिनीकडे बघा, गाल आतून दाबा, ‘आमेन’ जरा लवकर म्हणा. मग वहीत तारखेसह लिहून ठेवा, नाव न घालता. शिक्षकांच्या खोलीत सांगून हसा, तिथेही नाव नको. शाळा सुटताना मुलाच्या देखत पालकांना सांगितलंत तर ते मूल पुन्हा मोठ्याने प्रार्थना करणार नाही. या नोकरीतली मोठी चैन हीच आहे, ती पुरवून वापरा.

प्रश्न : ‘माझा कुत्रा मेला, तो स्वर्गात गेला का?’ असं विचारलं तर?

उत्तर : पवित्र शास्त्रात याचं सरळ उत्तर नाही, म्हणून ‘हो’ ठामपणे सांगू नका आणि ‘नाही’ तर मुळीच नको. ‘मला नक्की माहीत नाही. पण देवानेच त्याला बनवलं होतं आणि तुला त्याची आठवण येते हे देवाला ठाऊक आहे.’ मग कुत्र्याचं नाव विचारा, चित्र काढायला कागद द्या. ‘तो झोपलाय’ असं म्हणू नका, काही मुलांना त्यानंतर झोपायची भीती वाटते.

प्रश्न : सोमवार ते शुक्रवार शाळा, शनिवारी वह्या. रविवारी चर्चच्या मंडळीत ‘तुम्ही शिक्षिकाच आहात ना, संडे स्कूल तुम्हीच घ्या.’ नाही म्हटलं तर सेवा टाळली असं होतं.

उत्तर : पाळकांना उपासनेनंतर दारात उभ्या उभ्या सांगू नका. वेळ मागून भेटा आणि ‘नाही’ऐवजी आकडा घेऊन जा : महिन्यातून एक रविवार, किंवा वर्ग अजिबात नाही, पण तीन महिन्यांतून एकदा नव्या स्वयंसेवकांना दोन तास शिकवीन. दुसरा पर्याय मंडळीच्याही फायद्याचा, कारण त्यातून चार माणसं तयार होतात. उपासनेच्या वेळी तुम्ही दर आठवड्याला मुलांच्या खोलीतच असाल तर तुम्ही स्वतः उपासनेला कधी बसणार, हेही त्यांना विचारा.

शनिवारच्या वह्यांचं ओझंही कमी करता येतं. सगळ्या वह्या एका दिवशी न घेता रोज सहा घ्या, प्रार्थनेच्या तक्त्यावर ज्यांचा वार त्यांच्याच. मुलं वर्गात लिहीत असतानाच त्यातल्या दोन-तीन वह्या तपासून होतात, उरलेल्या मधल्या सुट्टीनंतर.