वाचक विचारतात : शासपो रायफल

प्रश्न : पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात १८६६ची शासपो रायफल पाहिली. ती प्रशियाच्या बंदुकीपेक्षा सरस होती म्हणतात. मग १८७०च्या युद्धात फ्रान्स हरला कसा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सरस होती, यात वाद नाही. प्रशियाची ड्रायझे आणि फ्रान्सची शासपो, दोन्ही सुईच्या बंदुका, म्हणजे घोडा दाबला की लांब सुई काडतुसात शिरून बार उडवते. दोन्हींत कागदी काडतूस. पण ड्रायझेत टोपी (सुई टोचली की ठिणगी पाडणारी) गोळीच्या बुडाशी बसवलेली असे. त्यामुळे लांब सुईला अख्खी दारू भेदून जावं लागे आणि स्फोट तिच्या अंगावरच होई. आंत्वान अल्फाँस शासपो यांनी टोपी काडतुसाच्या तळाशी आणली, म्हणून सुई आखूड झाली.

खरी करामत मात्र बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) डोक्यामागच्या रबरी चकतीत आहे. बार उडाला की वायूच्या दाबाने ते डोकं किंचित मागे सरकतं, चकती दाबली जाते, कडेने फुगते आणि नळीचं मागचं तोंड बंद करते. ड्रायझेत नुसत्या धातूवर धातू टेकत असे; वापराने फट वाढली की गरम वायू शिपायाच्या तोंडावर येई. शासपोचा सगळा जोर गोळीमागे राही : ११ मिमीची नळी, सुमारे २५ ग्रॅमची गोळी, साडेपाच ग्रॅमच्या आसपास काळी दारू आणि सेकंदाला ४०० मीटरहून जास्त वेग. नेम धरायची पट्टी १,२०० मीटरपर्यंत आखलेली होती. ड्रायझेचा पल्ला सुमारे ६०० मीटर.

१८ ऑगस्ट १८७० रोजी फ्रान्समधल्या सँ-प्रिव्हा गावाच्या उघड्या चढावर प्रशियाच्या गार्ड दलाचे सुमारे ८,००० सैनिक मेले किंवा जखमी झाले. तरीही संध्याकाळी गाव पडलं. प्रशियाच्या बाजूच्या सॅक्सन फौजेने बगलेवरून हल्ला केला आणि क्रुप या जर्मन कारखान्याच्या पोलादी, मागून भरायच्या तोफांनी ते भाजून काढलं. फ्रेंचांच्या तोफा अजून काशाच्या आणि तोंडातून भरायच्या होत्या. त्यात फौज गोळा करण्यातली दिरंगाई आणि सेनापतींचा कचखाऊपणा. पराभवाचं खापर रायफलीवर फोडणं अन्यायाचं आहे.

प्रश्न : एवढी चांगली होती, तर आठ वर्षांत बदलली का?

उत्तर : चकती हीच तिची दुखरी बाजू. भराभर गोळीबारात ती तापून जळे, थंडीत कडक होऊन चिरे. म्हणून शिपायाजवळ सुटी चकती आणि सुटी सुई दिलेली असे. काडतुसाचा कागद आणि त्यावरचं रेशमी जाळीचं वेष्टन पूर्ण जळत नसे; ती राख कोठीत (नळीत काडतूस बसतं त्या जागी) साचली की पुढचं काडतूस नीट बसत नसे आणि जोराने दाबलं तर फाटे. बार फुसका गेला तर ओढून काढायची सोयच नाही, तोंडातून गज घालून मागे ढकलायचं.

१८७४ मध्ये बाझिल ग्रा यांच्या रचनेत पितळी काडतूस आलं. पितळच फुगून वायू अडवतं, त्यामुळे रबर गेलं आणि बोल्टवर काडतूस ओढणारी आकडी आली. जुन्या शासपो मोठ्या संख्येने या रचनेत बदलल्या गेल्या. त्यांच्यावर ‘१८६६-७४’ असा छाप सापडतो. कोठीजवळ ‘मान्युफाक्त्यूर अँपेरियाल’ (शाही कारखाना) कोरलेलं असेल तर मूळ बांधणी साम्राज्याच्या काळातली, म्हणजे १८७०च्या सप्टेंबरपूर्वीची.

प्रश्न : लंडनच्या जुन्या बाजारातून मुलाने पितळी मुठीची फ्रेंच संगीन आणली आहे. शासपोचीच आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पातं पाहा. शासपोच्या संगिनीचं पातं यातागान या तुर्की तलवारीसारखं दुहेरी बाकाचं, सुमारे ५७ सेंटिमीटर लांब, आणि मूठ सबंध पितळेची, आडव्या खाचांची. पातं सरळ, छेद इंग्रजी ‘टी’सारखा आणि मुठीला लाकडाच्या पट्ट्या असतील तर ती १८७४च्या ग्रा रायफलीची. पात्याची पाठ उजेडात तिरकी धरा : वळणदार अक्षरात कारखाना (सँतेत्येन, त्यूल, शातेलरो...), महिना आणि वर्ष कोरलेलं दिसेल. मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या पट्टीवरचा आणि म्यानावरचा क्रमांक एकच असेल तर जोडी मूळची. पितळ चकचकीत करायच्या पेस्टने घासू नका, अक्षरं कायमची जातात. गंजावर हलकं तेल रात्रभर ठेवून मऊ कापडाने पुसा.

प्रश्न : अशी जुनी रायफल भारतात घरी ठेवायला परवाना लागतो का?

उत्तर : १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५(क) मध्ये जुनाट बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण अट कडक : दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. नुसता गंज चढलाय म्हणून सूट मिळत नाही. घेण्यापूर्वी जिल्ह्याच्या परवाना कार्यालयातून लेखी उत्तर घ्या.

आणि शासपो हाती आली तर आधी ती भरलेली नाही ना, ते बघा. बोल्ट बंद ठेवून नळीच्या तोंडातून लाकडी काठी अलगद आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि ती बाहेरून नळीवर धरून पाहा. काठी बोल्टच्या डोक्यापर्यंत न पोचता दोन-तीन इंच अलीकडेच अडली, तर आत काही आहे असं धरा. ढोसू नका, बोल्टला हात लावू नका, जाणकार बंदूक-कारागिराला बोलवा.