शाळा कोणाची, पैसा कोणाचा?

जून जवळ आला की पालकांची पत्रं वाढतात. फी, आरटीई (शिक्षणहक्क कायदा) आणि शिक्षकांचे पगार हे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात, पण मुळाशी प्रश्न एकच असतो: शाळेला जाब विचारायचा कोणी आणि कुठे? माझा आग्रह असा की आधी त्या शाळेत पैसा कुठून येतो ते शोधा. दाद कुठे मागायची ते बहुतेक वेळा त्यातूनच कळतं.

आमच्या घराजवळ दोन शाळा आहेत, दोन्ही खासगी संस्थांच्या. एकीत फी नावापुरती, दुसरीत वर्षाला साठ हजारांच्या वर. एवढा फरक कसा? (एक आई, इंदिरानगर)

‘खासगी’ म्हणजे शाळा चालवणारी संस्था सरकारी नाही, एवढंच. पैसा कोणाचा हे त्या शब्दावरून कळत नाही. तुमची पहिली शाळा बहुधा अनुदानित असणार. अशा शाळेत शिक्षक नेमते संस्था, त्या नेमणुकीला मान्यता देतो जिल्हा परिषदेतला शिक्षणाधिकारी आणि पगार येतो राज्याच्या तिजोरीतून, वेतन पथकामार्फत, शालार्थ प्रणालीने थेट शिक्षकाच्या बँक खात्यात. संस्थेला हातात मिळतं ते वेतनेतर अनुदान. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती त्यातून भागवायची, आणि ती रक्कम कधीच पुरत नाही. म्हणून माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांच्याकडे जावं लागतं.

ही पद्धत जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी संस्थांना सरकारी अनुदान देण्याची वाट घालून दिली. मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४), गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) अशा संस्थांनी नाशकात आणि जिल्ह्यात शाळा उभ्या केल्या. माध्यमिक शिक्षण आपल्याकडच्या तालुक्यांत पोचलं ते लोकवर्गणी आणि अनुदान यांच्या जोडीने. ही जोडी मला आजही मोलाची वाटते.

दुसरी शाळा स्वयंअर्थसहाय्यित असेल. २०१२ च्या कायद्याने आलेला हा प्रकार. इमारत, पगार, सगळं संस्थेचं आणि वसुली फीमधून. या दोन्हींच्या मध्ये अंशतः अनुदानित शाळा आहेत: कुणाला २० टक्के, कुणाला ४०, ६० किंवा ८०. त्यातल्या अनेक शाळा एके काळी ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी घेऊन सुरू झाल्या होत्या. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द शासनाने काढला.

शाळेचा प्रकार कळायचा सोपा मार्ग म्हणजे यू-डायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेचा सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक. तो अकरा अंकी असतो आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या शाळांचा २७२० ने सुरू होतो. तो यू-डायसच्या संकेतस्थळावर टाकला की ‘व्यवस्थापन’ या रकान्यात उत्तर मिळतं. तिथे महापालिका, जिल्हा परिषद, आदिवासी विकास, देवळालीचं कॅन्टोन्मेंट, केंद्रीय विद्यालय, नवोदय असे आणखीही मालक दिसतील. प्रवेश घेण्याआधी हा रकाना बघाच.

मुलाच्या शाळेने एकदम फी वाढवली. विचारायला गेलो तर ‘आम्ही सीबीएसईचे, राज्याचा कायदा आम्हाला लागू नाही’ असं सांगितलं. खरं आहे का? (एक पालक, गंगापूर रोड)

नाही. सीबीएसई अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं आणि संलग्नता देतं. त्या संलग्नतेसाठीसुद्धा राज्याची हरकत आहे का हे पाहिलं जातं. १९७६ पासून शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात. शाळांच्या फीबाबत महाराष्ट्राने केलेला कायदा २०११ चा, आणि तो राज्यातल्या विनाअनुदानित शाळांना लागू होतो. बोर्ड कुठलंही असो.

या कायद्याने फी ठरवण्यात पालकांना जागा दिली आहे. वर्ष सुरू झालं की तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा. इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची: अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालक, शिवाय प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. त्यात निम्म्या महिला हव्यात. पुढच्या वर्षाची फी काय असावी याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने निदान सहा महिने आधी या समितीपुढे मांडायचा, हिशोबासह. समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही आणि ती सूचनाफलकावर लावावी लागते. समिती आणि व्यवस्थापन यांचं जमलं नाही तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं.

म्हणून भांडायच्या आधी शाळेला लेखी तीन गोष्टी विचारा. कार्यकारी समितीवर कोण आहे? फी मंजूर करणाऱ्या बैठकीचं इतिवृत्त कुठे आहे? याआधीची फी कोणत्या वर्षी मंजूर झाली होती? अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर त्याच पोचेची प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि नाशिकच्या शिक्षण उपसंचालकांकडे जा.

एक अडचण मात्र आहे. नंतर झालेल्या दुरुस्तीमुळे फीविरुद्ध नियामक समितीकडे जायचं तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. एकट्या आईबापाची ताकद या दुरुस्तीने काढून घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचशे मुलांच्या शाळेत सव्वाशे घरं एका कागदावर आणायची म्हणजे नोकरी सांभाळून करायचं काम नव्हे. पण कार्यकारी समितीत बसलेला एक जागरूक पालक हे काम कितीतरी सोपं करतो. चिठ्ठ्या टाकायच्या दिवशी नाव द्यायला पालकच पुढे येत नाहीत, हे मी शाळाशाळांतून ऐकतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

घरपट्टीत शिक्षण कर भरतो. तो पैसा आमच्या वॉर्डातल्या महापालिका शाळेला मिळतो का? (एक वाचक, पंचवटी)

थेट मिळत नाही. घरपट्टीतला राज्य शिक्षण कर १९६२ च्या कायद्याने लागला. महापालिका तो गोळा करून राज्याकडे भरते. प्राप्तिकरावर जो ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो तो केंद्राचा, आणि उपकर असल्यामुळे त्यात राज्यांचा वाटा नसतो. वॉर्डातल्या शाळेचं छत गळत असेल तर महापालिकेच्या अंदाजपत्रकातली शिक्षण विभागाची तरतूद तपासा आणि नगरसेवकाला त्याबद्दल विचारा.

मुलीचा नंबर आरटीईच्या सोडतीत लागला. आता शाळा म्हणते, सरकार आमचे पैसे देत नाही, तुम्ही ‘ॲक्टिव्हिटी फी’ भरा. मी सातपूरच्या कंपनीत कंत्राटी कामगार आहे. भरायची का? (एक वडील, सातपूर)

भरू नका. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवावं लागतं. मुलाचं शिक्षण अडेल अशी कुठलीही फी किंवा आकार घेता येत नाही, असं कलम ३ सांगतं. नाव ‘ॲक्टिव्हिटी’ ठेवलं म्हणून फीची जात बदलत नाही. स्कूल बस ही ऐच्छिक सेवा आहे, तिची गोष्ट वेगळी.

शाळेच्या तक्रारीत तथ्य आहे, हेही सांगायला हवं. या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने करायची असते: सरकारी शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जे कमी असेल ते. राज्याने हा दर वर्षाला १७,६७० रुपये धरला आहे, आणि ती रक्कमही वर्षानुवर्षं थकते. शिक्षकांचे पगार वेळेवर करणाऱ्या लहान शाळांना हे खरोखर जड जातं. पण हे येणं सरकारकडून आहे. ते तुमच्या मुलीकडून वसूल करायला कायद्यात कुठेही आधार नाही. आणखी एक गोष्ट बघा: शाळेला सरकारकडून जमीन फुकट किंवा सवलतीत मिळाली असेल आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवायची अट असेल, तर तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती मागायचा हक्कच शाळेला नसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, आणि योग्यच केलं. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी एखादी शाळा जवळपास सगळीकडेच असते. मग तरतूद कागदावरच उरली असती. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा लागू नाही.

शाळेने मागितलेली रक्कम लेखी मागा. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही. मग ते पत्र घेऊन महापालिकेच्या शिक्षण विभागात जा.

दहा वर्षं शिकवतोय. शाळा २० टक्के अनुदानावर आहे आणि संस्था उरलेला पगार देत नाही. संस्थेवर कायदा चालतो की नाही? (एक शिक्षक, सिन्नर तालुका)

चालतो. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि नियमावली १९८१ ची. ती मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे. अनुदान नसलं म्हणून वेतनश्रेणी टळत नाही. २० टक्क्यांचा अर्थ शासन एवढाच वाटा उचलतं. उरलेली जबाबदारी संस्थेची. प्रत्यक्षात फी फारशी नाही आणि पुढचा टप्पा कधी मिळेल ते ठाऊक नाही, अशा स्थितीत खेड्यातली संस्था हात वर करते आणि शिक्षक शेतावर किंवा शिकवण्यांवर जगतो. शासनाने टप्पा अनुदान ठराविक वेळापत्रकाने द्यावं, तारीख आधी जाहीर करावी, अशी मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी. ती एकट्या शिक्षकांनी का करावी?

तुमच्यापुरतं सांगायचं तर नेमणुकीचा आदेश, मान्यतेचं पत्र, संचमान्यतेची (शाळेला मंजूर शिक्षकपदांच्या आदेशाची) प्रत आणि बँकेचा उतारा जपून ठेवा. बडतर्फ केलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. ती समेटाच्या बोलण्यात घालवू नका.

आमच्या पाड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, १७ मुलं. बंद करतील अशी चर्चा आहे. मुलांना आत्ताच आश्रमशाळेत घालावं का? (एक ग्रामस्थ, पेठ तालुका)

घाई करू नका. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, हा निकष आहे. मधे ओहळ किंवा घाट असेल तर तोही विचारात घ्यावा लागतो. पेठच्या पावसाळ्यात सहा वर्षांचं मूल किती लांब चालू शकतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते ग्रामसभेच्या ठरावात लिहा. साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, हेही शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे.

आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या असतात. त्यांचं आयुक्तालय नाशकातच आहे. तिथे निवास आणि जेवणाची सोय होते, ज्या घरांना कामासाठी गाव सोडावं लागतं त्यांना तिचा आधारही असतो. पण सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडायची पाळी शाळा नाही म्हणून येऊ नये.

तुमच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. तीसपर्यंत मुलं असली तर वर्षाला १०,०००, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. हा खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा लागतो, आणि त्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत शाळा विकास आराखडा मागा. त्यात मुलांची यादी, पाड्यावरची सहा वर्षांखालची मुलं आणि शेजारच्या शाळेपर्यंतचं मोजलेलं अंतर घाला, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि ते सगळं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकासह द्या. शाळा बंद करायचा प्रस्ताव झालाच तर त्या फायलीत तुमचा कागद आधीपासून लागलेला असला पाहिजे.