लसीका, लस आणि डोळ्यातलं पाणी

प्रश्न असा आला आहे: ‘नेत्रलसीका म्हणजे अश्रू का? तिचा लसीकरणाशी काही संबंध? आणि सि ऱ्हस्व की दीर्घ?’

अश्रू नव्हेत. आरोग्यावरच्या लेखांत ‘डोळ्यांतून लसीका वाहते’ असं वाचलं की चीड येते. आसवं अश्रुग्रंथीत तयार होतात आणि नाकात उतरतात. लसीका म्हणजे पेशींच्या फटींत झिरपलेलं पाणी, वाहिन्यांनी गोळा करून पुन्हा रक्तात सोडलेलं.

आता शब्दाकडे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या उदकाचं वर्णन आहे. हेच पाणी त्वचेखाली, व्रणात असलं की त्याला लसीका म्हणतात आणि उष्म्यासोबत रोमरंध्रांतून बाहेर पडलं की स्वेद. पाणी एकच, जागेप्रमाणे नाव वेगळं! खरचटल्यावर जखमेतून पाझरते ती मराठीतली ‘लस’ हीच.

पुष्कळ जण हा शब्द ‘लस् म्हणजे चमकणे’ यावरून लावतात. मला ते मुळीच पटत नाही. जखमेवरच्या पाण्यात चमकण्यासारखं काय आहे? धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, ‘लस श्लेषणक्रीडनयोः’ असंही सांगतो. क्रीडेतून विलास आणि लास्य आले, ते सगळ्यांना आठवतं. श्लेषण, म्हणजे चिकटणं, मात्र कोणी विचारात घेत नाही. हिंदीत लस म्हणजे चिकटपणा, पाखरं पकडायचा चीक तो लासा, आणि आपलं भोकर तिकडे लसोडा. भोकराचा गर बोटांना लागलेला माणूस चमकण्याची व्युत्पत्ती मांडणार नाही. वाळत आलेली लस कापडाला कशी धरते तेही आठवा. माझ्या मते लसीका ती चिकटणारी, आणि यावर मी ठाम आहे.

लसीकरणाचा संबंध आहे, पण लसीकेमार्फत नव्हे. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. तिच्या दंडावर फोड आला, त्यातलं पाणी पुढच्या मुलांना टोचलं. फोडातलं पाणी म्हणजे लस. ‘देवी काढणं’ म्हणजे ती लस एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात नेणं. इंग्रजही त्याला लिम्फच म्हणत. आज कुपीत फोडातलं पाणी नसतं, नाव मात्र तेच राहिलं. ‘लसीकरण’मधला ई शुद्धीकरणातल्यासारखा च्वि-प्रत्ययाचा (नसलेलं तसं करणं दाखवणारा) आहे. त्यात ‘लसीका’ शोधू नये.

हो, डोळा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या नेत्रश्लेष्मलेत (इथेही श्लेषणच!) लसीकावाहिन्या असतात. बुबुळावरच्या पारदर्शक पारपटलात निरोगी असताना एकही नसते. दाह झाला की त्या आत शिरतात, आणि मग बसवलेलं पारपटल शरीर नाकारण्याचा धोका वाढतो. डोळ्याच्या आतलं पाणी मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर तयार होतं आणि बरंचसं श्लेमच्या कालव्यातून, म्हणजे बुबुळाच्या कडेभोवतीच्या बारीक वाहिनीतून, बाहेर पडतं. त्या वाटेवर अडथळा वाढला की डोळ्यातला दाब चढतो आणि काचबिंदूचा धोका येतो. 2014 साली उंदरांवरच्या संशोधनात या कालव्याच्या अस्तरात लसीकावाहिनीचे गुण आढळले, तेव्हापासून ‘डोळ्याच्या आत लसीकेचं काही नाही’ हे जुनं वाक्य डळमळलं. श्लेम हा जर्मन शारीरशास्त्रज्ञ. 1830 साली त्याने या कालव्याचं वर्णन केलं. त्याचा श्लेष्माशी संबंध जोडू नका, मोह होतो हे खरं.

आणि डोळे आल्यावर कधी कधी कानापुढे दुखरी गाठ येते, तिला ‘लसीका ग्रंथींचा शोथ’ कशाला? पायाला जखम झाल्यावर जांघेत येते तिला आपण अवधाण म्हणतो. गाठीची जात तीच. कानापुढच्या गाठीलाही अवधाण म्हणा.

‘सी’ दीर्घ.