मुस्लिम समाज दहशतवादाचा उघड निषेध का करत नाही, आणि भारतात इस्लामवर मोकळेपणाने टीका करता येते का?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागात निषेध होत नाही असे गृहीत धरले आहे, आणि तेच मला अमान्य आहे. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने नऊ मृत दहशतवाद्यांना तेथे दफन करू देण्यास साफ नकार दिला. ज्या धर्मात बेवारस मयतीचेही कफन-दफन करणे ही सगळ्या वस्तीची जबाबदारी मानली जाते, तेथे कबरीची जागाच नाकारणे याहून कठोर निषेध मला तरी ठाऊक नाही. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. जानेवारी २०१० मध्ये ते गुपचूप पुरल्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पुढे विधिमंडळात सांगितले. हल्ल्यापूर्वीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, देवबंदच्या दारुल उलूम या धर्मविद्यापीठाने उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, परिषद भरवून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले होते.

तरीही हल्ल्यानंतर आमच्या कार्यालयात निषेधाचे पत्रक निघाले, तेव्हा शिपाई ते थेट माझ्या टेबलावर घेऊन आला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'पहिली सही यांची घ्या' असे बजावले होते, आणि दोन व तीन क्रमांकांवर सह्या होऊनही पहिली ओळ कोरी ठेवली होती. मी सही केली, पण सर्वांत शेवटी. सीएसटी स्थानकात बळी पडलेल्यांत मुसलमान प्रवासीही होते. दुःख माझेही होते, आणि मला मात्र आरोपीच्या जामीनदारासारखे पुढे उभे केले जात होते. 'यात वाईट वाटण्यासारखे काय आहे?' असे ते गृहस्थ निवृत्त होईपर्यंत विचारत राहिले.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र माझ्याच माणसांना झोंबणारे आहे. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला शार्ली एब्दो या व्यंग्य-साप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला झाला, तेव्हा माझ्या मामांनी त्याचा मनापासून धिक्कार केला. त्याच महिन्यात 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबईतील संपादक शिरीन दळवी यांनी त्या साप्ताहिकाचे पैगंबरांचे व्यंगचित्र असलेले एक मुखपृष्ठ छापले. त्यांनी माफी मागूनही गुन्हे दाखल झाले, अटक झाली, आवृत्ती बंद पडली. यावर मामा म्हणाले, 'बाईंना धडा मिळायलाच हवा होता.' पत्रकारांच्या हत्येचा धिक्कार करणाऱ्याने पत्रकाराच्या अटकेवर समाधान मानावे, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. आमचे उलेमा बॉम्बस्फोटाविरुद्ध जितके स्पष्ट बोलतात, तितके टीकाकाराच्या बाजूने बोलत नाहीत; मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनाही हयातभर हेच सोसावे लागले.

अर्थात सगळे उलेमा एकाच साच्याचे नाहीत. शिवाय भारतीय दंड संहितेतील १९२७ चे २९५-अ हे धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलचे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आले आहे, सर्वच धर्मांच्या भावनांना लागू आहे. तेव्हा इस्लामवर टीकेची मोकळीक मागताना ते कलम आपल्या धर्मासाठीही नको, असे आधी लिहून द्यावे. आमच्या त्या सहकाऱ्यांना मी हे सुचवले होते, तेव्हा ते म्हणाले, 'आमच्या देवांची गोष्ट वेगळी आहे.'