वांगाचं पॅकेज आणि नसलेला मेडिक्लेम

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आहे. वय 36, खासगी शाळेत शिक्षिका, पगार 24,000. यजमान 39 वर्षांचे, कारखान्यात सुपरवायझर, पगार 38,000. दोन वर्षांपासून शुगरची गोळी सुरू आहे. मुलगी आठ वर्षांची. एफडी दीड लाखाची. ताईंच्या गालांवर वांगाचे डाग आहेत. एका स्किन क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी दोन मिनिटं चेहरा पाहिला, बाकी सगळं काउन्सेलर मॅडमनी सांगितलं: आठ लेझर सीटिंग, 72,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 85,000. आजच बुक केलं तर बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते. ताई विचारतात, ‘ईएमआय घेऊ की एफडी मोडू? पाच वर्षांपूर्वी मावसदिरांकडून घेतलेली, वर्षाला 48,000 हप्त्याची आमची पॉलिसी आहे; 16 वर्षांनी 16 लाख मिळतील आणि तिच्यात दवाखान्याचंही कव्हर आहे, असं ते म्हणाले होते. त्यातून लेझरचे काही पैसे मिळतील का?’

ताई, ईएमआय नको आणि एफडीलाही हात लावू नका. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मात्र मी पत्रासोबतची हप्त्याची पावती दोनदा तपासली. त्याकडे येतोच. आधी वांगाचं उरकू.

तुमची खरी तपासणी अजून झालेलीच नाही. दारावरच्या पाटीवर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी ही पदवी आहे का बघा आणि तिथे जा. फी 500 ते 1,000 असते. पावडर न लावता जा आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची क्रीम तर नक्कीच. अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो आणि मग त्वचा पातळ होऊन लाल पडते. डॉक्टर विचारतील: डाग कधीपासून, बाळंतपणानंतर वाढले का, पाळीच्या किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेता का, उन्हात किती असता. भिंगाच्या उपकरणातून डाग बघतील. मग बहुधा सनस्क्रीन आणि एक क्रीम लिहून देऊन सहा-आठ आठवड्यांनी परत बोलावतील. या डागांना महिने लागतात, ते फिके होतात आणि ऊन लागलं की पुन्हा उमटतात. आपल्या वर्णाच्या त्वचेवर चुकीच्या लेझरने ते अधिक काळेही होतात. म्हणून लेझर हा पहिल्या भेटीत विकायचा उपचारच नव्हे.

वर्षाचा हिशेब असा: चार भेटींचे 3,000, महिन्याला 500 ची सनस्क्रीन म्हणजे 6,000, क्रीमचे 3,000. एकूण 12,000, महिना हजार. एवढं पगारातून निघतं. त्यांच्या ईएमआयचे मात्र महिन्याला 7,000 जातील आणि ते कर्ज फायनान्स कंपनीचं, तुमच्या नावावर असेल. तिसऱ्या सीटिंगनंतर क्लिनिक बंद पडलं तरी हप्ता कापला जाणारच. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. रोख दिले तर किती कमी कराल, एवढं विचारून बघा, व्याज कुठे लपलंय ते कळेल.

आता पावती. ती एंडोमेंट, म्हणजे बचत आणि जीवनविमा एकत्र असलेल्या पॉलिसीची आहे: मुदत 16 वर्षं, विमा 7 लाख, सोबत रायडर म्हणजे जोडकव्हर ‘अपघाती मृत्यू व अपंगत्व’. मावसदिरांनी ‘दवाखान्याचं कव्हर’ म्हणून सांगितलं ते हेच. डेंग्यू, अपेंडिक्स, हार्ट, कशालाही यातून रुपया मिळणार नाही. लेझरचे पैसे खऱ्या मेडिक्लेममधूनही मिळाले नसते, सौंदर्योपचार त्यात वगळलेलेच असतात. पण तुमच्या घरात मेडिक्लेमच नाही, आणि पाच वर्षं तो आहे असं समजून तुम्ही निर्धास्त होतात. याचा मला संताप येतो. पगार 21,000 च्या वर असल्याने ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमाही नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण ती ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांनाच. आयसीयूत आठवडा काढावा लागला तर तुमची सगळी एफडी त्यात जाईल.

पाच वर्षांपूर्वी मेडिक्लेम घेतला असता, तर शुगर त्यानंतर निघाली असती आणि तिला वेगळा प्रतीक्षाकाळ, म्हणजे क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, लागलाच नसता. आता तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हे नुकसान पॉलिसीच्या कुठल्याही बोनसने भरून येत नाही.

आणि बोनसचं म्हणाल, तर ‘16 वर्षांनी 16 लाख’ ही आशा सोडा. त्यासाठी 8 टक्क्यांहून जास्त परतावा लागतो. अशा पॉलिसी 5 टक्क्यांच्या आसपास देतात, म्हणजे 12 लाखांच्या आत. यजमानांना काही झालं तर मिळणारे 7 लाख म्हणजे त्यांचा दीड वर्षाचा पगार. ते संपतील तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेतच असेल.

तेच 48,000 असे वापरा. तिघांचा 10 लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा मिळून एक मेडिक्लेम, ढोबळमानाने 20,000. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. यजमानांची 75 लाखांची टर्म पॉलिसी, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, शुगरमुळे थोडी महाग धरून, 18,000. उरले 10,000, त्यात सनस्क्रीनचं वर्ष निघतं.

अर्जात शुगर लिहा, गोळीच्या नावासह. एजंट म्हणेल ‘राहू द्या, रिजेक्ट होईल’. त्याचं ऐकू नका, लपवलेली शुगर क्लेमच्या वेळी बाहेर येते.

जुन्या पॉलिसीचं सरेंडर मूल्य (आज मोडली तर हातात येणारे पैसे) आणि पेडअप मूल्य (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर उरणारा विमा) शाखेतून लेखी मागा. पाच हप्त्यांवर पेडअप केली तर 7 लाखांचे साधारण 2.2 लाख उरतात, अधिक जमलेला बोनस, तेही मुदत संपल्यावर. भरलेत 2.4 लाख. वाईट वाटेल, पण पुढचे 11 हप्ते म्हणजे आणखी सव्वापाच लाख आहेत. दोन्ही आकडे हातात आले की मला कळवा, मग ठरवू. मावसदिरांना काय वाटेल म्हणून थांबू नका. मात्र नवा मेडिक्लेम आणि टर्म, दोन्ही मंजूर होऊन कागद हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका.