उन्हाळी फेलोशिपचा अर्ज करताय? आधी नळाची वेळ टिपा

काल तू विचारलंस ना, न्यूजरूममधल्या नव्या प्रयोगांच्या फेलोशिपसाठी इंदूरच्या मुलीनं काय दाखवावं? माझं ऐकशील तर निबंध नको, केलेलं काम दाखव.

गूगलनं 2013 मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी अशी दहा आठवड्यांची फेलोशिप सुरू केली, तेव्हा मुलं नीमन लॅब, पॉइंटर अशा पत्रकारितेवर काम करणाऱ्या संस्थांत जाऊन बसली. तिथं रोज हाताला काम असतं, म्हणून निवडणाऱ्यालाही हात चालतो का तेच बघायचं असतं. माझा पहिला अर्ज 'डिजिटल क्रांती'नं भरलेला होता. उत्तरसुद्धा आलं नाही, आणि ते मला फार लागलं होतं.

असं काम तुझ्या दारातच आहे. आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून येतं. तीन आठवडे तुझ्या गल्लीतल्या दहा घरी नळ किती वाजता आला, किती मिनिटं चालला, ते वहीत लिही. मग स्प्रेडशीट कर: तारीख, घर, सुरू, बंद. रिकामा रकाना रिकामाच ठेव, अंदाजानं भरू नकोस. शेवटच्या घरातल्या काकू पहाटे बादल्या मांडून बसतात, हे त्या आकड्यांतच दिसेल. त्यांना विचारल्याशिवाय नाव मात्र छापू नकोस.

मग नकाशा कर, साधा चालेल. मराठीत लिही, हिंदीतही. आपल्या इंदूरचे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले, पण 'नई दुनिया' हे दैनिक त्यांनी हिंदीत घडवलं. दोन्ही भाषा येणं ही तुझी मोठी जमेची बाजू आहे, अर्जात ती ठळक लिही.

शिफारसपत्र महिनाभर आधी माग. सरांना परीक्षेच्या धांदलीत गाठू नकोस.