एअरबॅगचा दिवा विझत नाही? मॉड्यूल बदलण्याआधी हॉर्न वाजवून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०११ ची हॅचबॅक, गाडी रत्नागिरीत, पुढे दोन एअरबॅग. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो तो विझतच नाही. एका गॅरेजवाल्याने मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग चालवणारा छोटा संगणक, गेलंय असं सांगून ३२ हजारांचा आकडा दिला. दुसरा म्हणाला, मीटर उघडून बल्बच काढून टाकू. आणि अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की गणपतीच्या आधी स्टिअरिंग जड झालं म्हणून कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, उतरवून त्याच्या मोटरचं काम करून घेतलं होतं, आणि हल्ली हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही.

माझ्या दृष्टीने ही शेवटची ओळच सगळ्यात महत्त्वाची आहे. मी पिंपरीत २२ वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय आणि तुमची गाडी समोर असती तर मी मॉड्यूलला हातही लावला नसता. आधी स्टिअरिंगच्या चाकामागची क्लॉक स्प्रिंग बघितली असती.

का, ते सांगतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतं, पण त्यातल्या एअरबॅगचा विजेचा जोड तर सतत राहायला हवा. म्हणून चाकामागे एका चपट्या गोल डबीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. त्या पट्टीत तांब्याच्या बारीक रेषा असतात. चाक फिरलं की ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळली आणि उलगडली जाते. एअरबॅगच्या तारा त्यातूनच जातात, आणि बहुतेक गाड्यांत हॉर्नची व स्टिअरिंगवरच्या बटणांचीही तार त्यातूनच जाते. पट्टीला दोन्ही बाजूंना मोजकेच वेढे मिळतात. कॉलम उतरवताना खालचा जोड सुटला की स्टिअरिंगचं चाक मोकळं होतं. ते कोणी बांधून ठेवलं नाही आणि ते सहज चार-पाच वेढे एका दिशेला फिरलं, तर पट्टी ताणली जाते. कधी लगेच तुटते. कधी तिला चीर पडते आणि दोन-तीन महिने वळणं घेऊन घेऊन मग ती तुटते. कधी चाक फिरत नाही, पण एका वेढ्याच्या फरकाने परत बसवलं जातं. तेव्हा एका बाजूला पूर्ण वळवताना पट्टीला वेढा कमी पडतो. तुमच्या कामाची तारीख आणि दिवा लागल्याची तारीख पाहिली तर हे चित्र नेमकं जुळतं.

आता घरच्या घरी, काहीही न उघडता एवढं करा. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग सरळ असताना हॉर्न दाबा. मग पूर्ण डावीकडे वळवून दाबा, मग पूर्ण उजवीकडे. सावकाश वळवत हॉर्न दाबून धरा आणि आवाज कुठे तुटतो ते बघा. चाकाच्या विशिष्ट कोनात आवाज जात असेल, किंवा वळवताना चाकामागून कागद घासल्यासारखा आवाज येत असेल, तर क्लॉक स्प्रिंगवर माझा संशय जवळपास पक्का. हॉर्न सगळीकडे व्यवस्थित वाजला तरी ती निर्दोष सुटली असं समजू नका, कारण रेषा वेगवेगळ्या आहेत आणि एअरबॅगची एकटीच तुटलेली असू शकते.

ही यंत्रणा स्वतःला कशी तपासते ते माहीत असलं की पुढचं सगळं सोपं होतं. किल्ली चालू केली की दिवा साधारण सहा-सात सेकंद लागतो. तेवढ्यात मॉड्यूल प्रत्येक एअरबॅगच्या आणि बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरच्या सर्किटमधून अगदी थोडा करंट सोडून त्याचा रेझिस्टन्स बघतं. एअरबॅग पेटवणाऱ्या इग्नायटरचा रेझिस्टन्स दोन ओहमच्या आसपास असतो. एवढ्या लहान आकड्यात एखाद्या पिनवर गंज चढून दोन-तीन ओहमची भर पडली, तरी मॉड्यूलच्या लेखी सर्किट बिघडलं. हेडलाइटच्या तारेत एवढी भर पडली तर दिवा मंद होतो आणि आपण चालवून घेतो. इथे मॉड्यूल चालवून घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे जुन्या गाडीत दिवा लागला की दोष बहुतेक वेळा जोडात असतो, महागड्या भागात नसतो. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत तर जोड आधी तपासायचे.

यानंतरची पायरी म्हणजे मॉड्यूलने साठवलेले दोषांचे कोड वाचणं, आणि इथेच लोकांची फसगत होते. मोबाइलला जोडायचा जो स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, तो बहुधा फक्त इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. तो ‘दोष नाही’ म्हणतो आणि मालक गोंधळतो. एअरबॅगचे कोड ‘बी’ने सुरू होतात, आणि ते वाचायला एअरबॅग मॉड्यूलशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. रत्नागिरीत चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो असेल, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तर असतोच. फक्त कोड वाचून द्या, दुरुस्ती नंतर बघू, असं स्पष्ट सांगा. कोडपुढचं वाक्य लिहून घ्या. ‘ड्रायव्हर एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स जास्त’ किंवा ‘ओपन’ (म्हणजे तुटलेलं) असं आलं तर क्लॉक स्प्रिंग किंवा तिचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग. ‘पॅसेंजर प्रीटेन्शनर’ आलं तर शोध सीटबेल्टच्या बाजूला न्यायचा. मॉड्यूलचाच अंतर्गत दोष दाखवणारा कोड वेगळा असतो. तो आला नसेल तर ३२ हजारांचा प्रश्नच येत नाही. कोड आत्ताचा आहे की जुना साठलेला, हेही विचारा. बॅटरीची तार काढून हे कोड सहसा पुसले जात नाहीत, त्यामुळे दुरुस्ती झाल्यावरही स्कॅनरनेच पुसावे लागतात.

बाकीचे संशयित भरभर सांगतो. बॅटरी उतरलेली असताना बरेच सेल्फ मारले तर व्होल्टेज पडून कोड साठतो, म्हणून आधी बॅटरी तपासा. बेल्टच्या बकलमध्ये धूळ, नाणं, बिस्किटाचा चुरा जातो. पुढचे सेन्सर रेडिएटरच्या आसपास असतात, तिथे धक्का बसला असेल किंवा पाणी गेलं असेल तर बघायचं. उंदरांनी तारा कुरतडणं कोकणात नवीन नाही.

सीटखालच्या कपलरबद्दल मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण मी स्वतः तिथे चुकलोय. धंद्यात नवीन असताना एका सेदानचा दिवा घालवायला मी मॉड्यूल बदलून दिलं होतं. आठ दिवसांत गाडी परत आली, दिवा पुन्हा चालू. शेवटी सापडलं ते पॅसेंजर सीटखाली. सीट पुढे-मागे सरकवताना तार ताणली जायची आणि कपलरची एक पिन सैल झाली होती. गाडीमालकाने नवीन सीट कव्हर घातली तेव्हापासून हे सुरू झालं होतं. मी विचारलंच नव्हतं. त्या माणसाचे पैसे मी परत केले, आणि तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: दिवा लागण्याच्या आधी गाडीत काय काम झालं? सीट कव्हर, कार्पेट धुणं, नवीन स्टिरिओ, डेंटिंग, स्टिअरिंग. दहातल्या बहुतेक गाड्यांचं उत्तर तिथेच मिळतं.

पाण्यात गेलेली गाडी हा वेगळा विषय. मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअर लीव्हरच्या पुढे, डॅशबोर्डखाली जमिनीलगत असतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशी गाडी असेल तर मॉड्यूल खरोखर गेलेलं असू शकतं. तुम्ही ही गाडी जुनी घेतली असेल तर कार्पेट उचलून खाली चिखलाची रेघ किंवा सीटच्या रुळांवर गंज आहे का ते बघून घ्या.

आता जी गोष्ट मी हात जोडून सांगतो ती. एअरबॅगच्या कपलरमध्ये मल्टीमीटरच्या पिना घालून रेझिस्टन्स मोजू नका. मल्टीमीटर मोजताना स्वतःचा करंट सोडतो, आणि दुसऱ्या टोकाला स्फोटाची दारू भरलेली आहे. पिवळ्या वेष्टनातल्या तारा आणि पिवळे कपलर म्हणजे एअरबॅगचं सर्किट, हे लक्षात ठेवा. त्या कापायच्या नाहीत, टेस्टर लावायचा नाही, पीळ मारून टेप गुंडाळायची नाही. काम करायच्या आधी किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि थांबायचं. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतात. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून ते थोडा वेळ वीज धरून ठेवतात. कोणती कंपनी ९० सेकंद सांगते, कोणती तीन मिनिटं. मी सरसकट दहा मिनिटं थांबतो. काढलेली एअरबॅग टेबलावर ठेवताना स्टिअरिंगवर दिसणारी बाजू वर. आणि एखादा कपलर सुटा असताना किल्ली फिरवायची नाही, नाहीतर आणखी एक कोड साठतो.

तुम्ही स्वतः गाडीवर थोडंफार काम करता असं लिहिलंय, पण क्लॉक स्प्रिंग बदलणं सरावाच्या माणसाला द्या. फक्त समोर उभे राहा आणि दोन गोष्टी बघा. पुढची चाकं सरळ केल्याशिवाय स्टिअरिंग काढलं जाऊ नये. आणि नवीन क्लॉक स्प्रिंग बसवण्याआधी मध्यावर आणली पाहिजे. नव्या स्प्रिंगला मध्यावर अडकवणारी पिन किंवा पट्टी असते, ती बसेपर्यंत काढायची नसते. ही एक पायरी चुकली तर नवी स्प्रिंगसुद्धा पहिल्याच यू-टर्नला तुटेल. भाग नवीनच घ्या. भंगारातून आणलेल्या स्प्रिंगची पट्टी आतून किती झिजलीय ते बाहेरून कळत नाही.

बल्ब काढण्याचा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. माझ्याकडे एक गाडी आली होती, दिवा अगदी शहाण्यासारखा लागायचा आणि विझायचा. वेगळ्याच कामासाठी स्टिअरिंग उघडलं, तर एअरबॅगच्या जागी कपलरवर दोन ओहमचा रेझिस्टर लावून ठेवला होता. मॉड्यूलला वाटत होतं एअरबॅग आहे. मालकाने जुनी म्हणून घेतलेल्या त्या गाडीत त्याची बायको रोज मुलांना शाळेत सोडायची. रेझिस्टर मीही वापरतो, पण दोष शोधताना, दहा मिनिटांसाठी, आणि काढून खिशात ठेवतो.

दिवा चालू असेपर्यंत गाडीत एअरबॅग नाहीच असं समजून चालवा. काही गाड्यांत एका सर्किटचा दोष असला तरी मॉड्यूल सगळंच बंद ठेवतं. बेल्ट यांत्रिक लॉकने धरतोच, तो कायम लावा. फक्त प्रीटेन्शनरवर भरवसा नको.

आणखी एक तपासणी याच आठवड्यात करा, तिचा दिव्याशी संबंध नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये वापरलेलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत जातं. मग एअरबॅग उघडताना धातूची डबीच फुटून तिचे तुकडे उडतात. यात जगभर माणसं मेली आहेत. होंडा, टोयोटा, निसान यांनी भारतातही त्या काळातल्या गाड्या परत बोलावल्या होत्या. या दोषात सर्किट शाबूत असतं, त्यामुळे दिवा लागत नाही. दमट किनारपट्टी आणि २०११ चं मॉडेल, म्हणून सांगतोय. तुमच्या गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. बाकी असेल तर ते काम फुकट होतं, पहिल्या मालकाने केलं नसलं तरी.

कोड वाचून आणलात की आकडा आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं इथे लिहा. हॉर्न कोणत्या कोनात तुटला तेही लिहा. आणि स्टिअरिंगचं काम ज्यांनी केलं त्यांना शांतपणे विचारा, कॉलम उतरवताना चाक बांधलं होतं का.